मेल येथें कां थांबत नाहीं?

संध्याकाळीं सहा-साडेसहाचा सुमार असतो. घाटकोपर, मुलुंड किंवा डोंबिवली यांसारख्या एखाद्या उपनगरी स्टेशनचा फलाट माणसांनीं फुलून गेलेला असतो. तेवढ्यांत कर्ण्यांतून सूचना होते कीं, वेगानें जाणारी गाडी येत आहे, उतारूंनीं फलाटाच्या कडेपासून दूर व्हावें. पाठोपाठ वीस-बावीस डब्यांची गाडी येते आणि फलाट हादरवीत निघून जाते. त्या गर्दींत एखादें कुटुंब नाशिकास निघालेलें असतें. एकाच्या डोक्यावर बोचकें, दुसऱ्याच्या कडेवर मूल, बरोबर वृद्ध आई. नुकतीच गेलेली गाडी नाशिकचीच होती, हें त्यांना ठाऊक असतें. परंतु त्या गाडींत बसण्यासाठीं त्यांना आधीं लोकलच्या डब्यांत शिरून कल्याण गांठावें लागतें आणि तेथें जिना चढून दुसऱ्या फलाटावर उभें राहावें लागतें.

अशा वेळीं एक प्रश्न सहजच मनांत येतो. डोंबिवलींत लाखों लोक राहतात. इगतपुरी हें त्या मानानें लहानसें गांव. असें असूनहि वर्षानुवर्षें लांब पल्ल्याच्या गाड्या डोंबिवलीवरून निघून जातात व इगतपुरीस थांबतात. हा न्याय कोणता? ‘रेल्वेला आमची किंमत नाहीं’ हें उत्तर सोपें आहे, आणि फलाटावर ताटकळणाऱ्या माणसानें तें दिलें तर त्यास दोषहि देतां येणार नाहीं. परंतु मुंबईच्या आगगाडीचा सुमारें पावणेदोनशें वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे निराळीच गोष्ट दिसून येते. गाडीचा थांबा गांवाच्या लोकसंख्येवर कधींच ठरत नव्हता. प्रथम तो इंजिनाच्या गरजेवर ठरला, आणि पुढें रुळांवर मोकळीं मिनिटें किती उरलीं यावर ठरूं लागला.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, तेव्हां मार्गाची सगळी लांबी २१ मैल होती. रूळच ठाण्यास संपत असल्यामुळें जवळची गाडी आणि लांबची गाडी हा भेदच संभवत नव्हता. पुढच्या वर्षीं, १ मे १८५४ रोजीं, रूळ कल्याणास पोंचले. तेथून दोन फांटे फुटले. एक बोरघाट चढून १८६३ सालीं पुण्याच्या बाजूस जोडला गेला व दुसरा थळघाट चढून १८६५ सालीं इगतपुरीस गेला. १८७० सालीं जबलपूरवरून कलकत्त्याशीं आणि १८७१ सालीं रायचूरवरून मद्रासशीं मुंबईचा लोहमार्ग जोडला गेला. अवघ्या अठरा वर्षांत ठाण्याच्या रुळांवरून कलकत्त्याची टपालगाडी धांवूं लागली. एकाच रस्त्यावर शेजारच्या गांवीं जाणारा आणि परमुलखास निघालेला असे दोन प्रवासी एकत्र आले, आणि या लेखांतील प्रश्नाचें बीज तेथेंच पेरलें गेलें.

त्या काळीं मेल कोठें थांबावी हें बहुतांशीं इंजिनच ठरवीत असे. वाफेच्या इंजिनास तहान फार. कांहीं मैल धांवल्यावर त्यास पाणी हवें, मधूनमधून कोळसा हवा, राख झाडावयास हवी, आणि ठराविक अंतरावर तें सोडून दुसरें ताजें इंजिन जोडावयास हवें. कल्याणास फांटे मिळत, तेथें इंजिनांचा मोठा तळ होता. म्हणून तेथें थांबणें भागच होतें. घाटांचा चढ इतका खडा कीं, सदतीस फूट पुढें गेलें कीं एक फूट वर चढावें लागे. असा चढ चढण्यासाठीं गाडीला मागून ढकलणारीं जादा इंजिनें लागत. तीं पुण्याच्या वाटेवर कर्जतला व नाशिकच्या वाटेवर कसाऱ्यास जोडावीं लागत, आणि घाट संपला कीं लोणावळ्यास किंवा इगतपुरीस सोडावीं लागत. कर्जत आणि इगतपुरी या गांवांना मिळालेला मान डोंगराच्या पायथ्याचा व माथ्याचा आहे. गाडी तेथें स्वतःच्या कामासाठीं उभी राही, आणि ती उभीच आहे तर उतारूंनीं चढून घ्यावें, असा तो व्यवहार होता.

मग वीज आली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदर ते कुर्ला अशी बंदराच्या मार्गानें पहिली विजेची गाडी धांवली. बोरघाटांतून पुण्यापर्यंत वीज १९२९ सालीं पोंचली व थळघाटांतून इगतपुरीपर्यंत १९३० सालीं. विजेच्या इंजिनास पाणी लागत नाहीं, कोळसाहि लागत नाहीं. मुंबईहून निघालेलें इंजिन थेट पुण्यास किंवा इगतपुरीस जाऊं लागलें आणि तेथें पुन्हां वाफेचें इंजिन जोडलें जाऊं लागलें. म्हणजे इगतपुरीचें महत्त्व वाढलें व मधल्या स्टेशनांवर इंजिनाचें कांहींच काम उरलें नाहीं. जो थांबा पाण्यासाठीं होता, तो पाण्याची गरज संपतांच अधांतरीं झाला. उतारूंना तो आपला हक्क वाटत होता. रेल्वेच्या लेखीं ती एक सोय होती आणि तिचें कारण आतां नाहींसें झालें होतें.

पश्चिमेकडील मार्गावर याहून ठळक गोष्ट घडली. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचे, म्हणजे लोकांच्या तोंडीं ‘बी. बी. सी. आय.’चे, रूळ गुजराथेकडून येऊन १८६४ सालीं ग्रँट रोडला थांबले. त्या वेळीं ग्रँट रोड हेंच त्या कंपनीचें मुंबईंतील शेवटचें स्टेशन. १२ एप्रिल १८६७ रोजीं विरारहून मुंबईस रोज एक गाडी सुरू झाली. विरार, वसई, बोरिवली, वांद्रें, माहीम, दादर अशीं गांवें घेत येणारी ही गाडी म्हणजे आजच्या लोकलची पूर्वज होय. पुढें रूळ दक्षिणेकडे सरकत गेले. १८७० सालीं चर्चगेट झालें, १८७३ सालीं कुलाबा झालें, आणि लांबच्या गाड्या कुलाब्यापर्यंत जाऊं लागल्या. १९२८ सालीं पेशावरकडे जाणारी फ्राँटियर मेल सुरू झाली तीहि कुलाब्याहूनच.

परंतु त्याच वर्षीं, जानेवारींत, कुलाबा ते बोरिवली विजेच्या लोकल सुरू झाल्या होत्या, आणि कुलाब्याजवळची जमीन समुद्र बुजवून शहर वाढविण्याच्या योजनेसाठीं सरकारला हवी होती. तेव्हां रूळ चर्चगेटलाच तोडावे, चर्चगेटपर्यंत केवळ लोकल न्याव्या, आणि मेलगाड्यांसाठीं उत्तरेस नवें स्टेशन बांधावें असें ठरलें. क्लॉड बॅटले या वास्तुशिल्पज्ञानें आंखलेलें तें स्टेशन म्हणजे मुंबई सेंट्रल. तें १८ डिसेंबर १९३० रोजीं उघडलें आणि वर्षाच्या अखेरीस कुलाबा स्टेशन बंद झालें. या एका फेरबदलानें चर्चगेट, मरीन लाइन्स, ग्रँट रोड या स्टेशनांवरून मेलगाडी कायमची गेली. ज्या ग्रँट रोडला गुजराथची गाडी प्रथम येऊन पोंचली होती, त्याच ग्रँट रोडला तिचें दर्शनहि होईनासें झालें. तेथील वस्ती ओसरली होती असें नाहीं. उलट ती इतकी दाट झाली होती कीं, दर कांहीं मिनिटांनीं सुटणाऱ्या लोकलसाठींच सगळे रूळ हवे होते.

या प्रश्नाचा सगळ्यांत विचित्र भाग येथें दिसतो. एखादें गांव लहान असतें, तेव्हां तेथून दिवसांतून चार-सहा गाड्या जातात. त्यांतली एखादी दोन मिनिटें अधिक थांबली तरी कोणाचें बिघडत नाहीं. गांव वाढतें, तेथें राहून शहरांत नोकरीस जाणारे वाढतात, लोकल वाढतात. अखेर रुळांवर इतक्या गाड्या होतात कीं, दोन गाड्यांत तीन-चार मिनिटांचेंच अंतर उरतें. मग मेलसाठीं दोन मिनिटें काढणें कठीण होतें. ज्या वाढीमुळें त्या गांवाला थांबा मागण्याचा अधिकार प्राप्त होतो, तीच वाढ थांबा देणें अशक्य करून ठेवते.

यांत दोन गाड्यांच्या स्वभावाचाहि भेद आहे. लोकलमध्यें कांहीं डब्यांआड एका डब्याखालीं मोटारी असतात. त्यामुळें ती चटकन् वेग घेते व चटकन् थांबते. मेलला बहुधा पुढें एकच इंजिन असतें, आणि त्यास सगळ्या डब्यांचें ओझें ओढावयाचें असतें. तिला थांबावयास वेळ लागतो व निघावयासहि वेळ लागतो. त्यांतून अनेक उपनगरी फलाट लोकलच्या लांबीचे. बावीस डब्यांची गाडी तेथें उभी केली तर मागचे कांहीं डबे फलाटाबाहेर राहतात.

शाळेंतल्या पाटीवर मांडावें तसें हें त्रैराशिक मांडून पाहिलें म्हणजे अधिक स्पष्ट होतें. समजा, एका मेलगाडींत १५०० उतारू आहेत. एखाद्या स्टेशनला ती थांबविली, तर वेग कमी करणें, दोन मिनिटें उभें राहणें व पुन्हां वेग घेणें यांत पांच मिनिटें जातात असें धरावें. म्हणजे आंतल्या सर्वांचीं मिळून ७५०० मिनिटें खर्च झालीं. आतां त्या स्टेशनवर चढणाऱ्या प्रत्येकाचा, दूरच्या मोठ्या स्टेशनला जाण्याचा फेरा वाचून, ५० मिनिटांचा लाभ होतो असें धरावें. तर १५० माणसें चढलीं कीं लाभ आणि हानि यांची बरोबरी झाली. येथवर थांब्याची मागणी अगदीं वाजवी दिसते.

परंतु संध्याकाळच्या गर्दींत मेलच्या मागें एक लोकल येत असते, आणि गर्दीच्या वेळीं एका लोकलमध्यें चार हजारांहून अधिक माणसें असतात. मेल थांबल्यामुळें ती लोकल चार मिनिटें अडली, तर आणखी १६,००० मिनिटें गेलीं. एकूण हानि २३,५०० मिनिटें. ती भरून निघण्यास आतां १५० नव्हे, ४७० माणसें त्या एका स्टेशनवर चढावयास हवींत. इतकीं माणसें सामानासह दोन मिनिटांत चढणें शक्य नाहीं. थांबा लांबवावा लागेल, आणि थांबा लांबला कीं मागें दुसरी लोकल अडेल. बेरीज पुन्हां वाढेल. हे आंकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले असले, तरी वेळापत्रक आंखणाऱ्या मनुष्यापुढें येणारी अडचण ही अशीच असते.

मात्र याच त्रैराशिकाची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. रात्रीं बारानंतर किंवा पहाटेस मेलच्या मागें लोकल नसते. मग ते १६,००० हिशेबांतून गळतात व पुन्हां १५० माणसांचीच गोष्ट उरते. शिवाय सगळीं मिनिटें सारख्याच मोलाचीं नसतात. गाडींत खिडकीशीं बसलेल्या मनुष्याचीं पांच मिनिटें आणि गुडघे धरलेल्या वृद्धेनें बोचकें घेऊन जिना चढण्याचीं पांच मिनिटें यांची बेरीज एका रकान्यांत करतां येत नाहीं. गणितानें थांब्याची किंमत समजते. ती किंमत कोणीं द्यावी हें गणित सांगत नाहीं.

या कोंडींतून सुटण्याचा सरळ उपाय म्हणजे मेलसाठीं निराळे रूळ घालणें. मुंबईनें तोच उपाय हळूहळू केला आहे. जलद गाड्यांचे व धीम्या गाड्यांचे रूळ वेगळे झाले, आणि त्यानंतर केवळ लांबच्या गाड्यांसाठीं पांचव्या व सहाव्या रुळांची आंखणी झाली. ठाणें ते दिवा या टप्प्यांतील असे दोन रूळ २०२२ सालच्या फेब्रुवारींत पुरे झाले. पश्चिमेकडे खार ते गोरेगांव हा सहाव्या रुळाचा टप्पा २०२३ सालच्या नोव्हेंबरांत सुरू झाला. याचा लाभ उघड आहे: मेल व लोकल एकमेकींच्या वाटेंत येईनाशा होतात.

पण नव्या रुळांबरोबर एक तोटाहि येतो. रूळ वेगळे झाले म्हणजे प्रत्येक स्टेशनवर त्या रुळांना फलाट असतोच असें नाहीं. याचें जुनें उदाहरण पारसिकच्या डोंगरापाशीं आहे. ठाण्याहून कल्याणास जाणारा मूळचा मार्ग खाडीच्या कडेनें डोंगरास वळसा घालून मुंब्र्यावरून जात असे. १९१६ सालीं तो डोंगर पोखरून पारसिकचा लांब बोगदा केला, आणि जलद गाड्या वळसा चुकवून थेट बोगद्यांतून जाऊं लागल्या. बोगद्याच्या त्या मार्गावर मुंब्रा स्टेशनच नाहीं. कोणीं मुंब्र्याचा थांबा रद्द करण्याचा हुकूम काढला नसता तरी चाललें असतें. डोंगरांतून सरळ वाट निघाली आणि गांव बाजूस पडलें.

तिसरें कारण शेवटच्या स्टेशनांचें आहे. बोरीबंदर, दादर, मुंबई सेंट्रल येथील फलाट अपुरे पडूं लागले, तेव्हां शहराच्या बाहेरच्या अंगास नवीं टर्मिनसें बांधलीं गेलीं. कुर्ल्याचें टर्मिनस १९९१ सालीं सुरू झालें. तेंच पुढें लोकमान्य टिळक टर्मिनस म्हणून ओळखलें जाऊं लागलें. पश्चिमेकडे वांद्र्यासहि टर्मिनस झालें. या ठिकाणीं संपणाऱ्या गाड्या साहजिकच दादरला किंवा भायखळ्याला जात नाहींत. गाडी मुंबईस आली असें वेळापत्रकांत लिहिलेलें असतें. गिरगांवांत किंवा परळांत घर असलेल्या उतारूचा प्रवास मात्र तेथून पुढें पुन्हां सुरू होतो.

कोंकणच्या माणसांना हा अनुभव फार जवळचा आहे. कोंकण रेल्वेचा सगळा मार्ग १९९८ सालच्या जानेवारींत खुला झाला, आणि गिरणगांवांतल्या चाकरमान्याला गांवची वाट जवळ आली. रत्नागिरीहून येणारी पॅसेंजर दादरपर्यंत येत असे. करोनाच्या साथींत गाड्या बंद पडल्या, व २०२१ सालीं ती पुन्हां सुरू झाली तेव्हां दादरपर्यंत न येतां दिव्यासच संपूं लागली. दिवा हें रेल्वेच्या दृष्टीनें सोयीचें ठिकाण, कारण कोंकणचा फांटा तेथेंच मुख्य मार्गाला मिळतो. परंतु आंब्याची पेटी, तांदुळाचें बोचकें आणि झोपेंतलीं मुलें घेऊन उतरलेल्या कुटुंबास तेथून भरगच्च लोकल पकडावी लागते. रुळांवरची मेलची जागा रिकामी झाली. पण त्या कुटुंबाचें ओझें नाहींसें झालें नाहीं, तें लोकलच्या दारांत येऊन पडलें.

चौथें कारण वेगाच्या कौतुकाचें. १ जून १९३० रोजीं मुंबई-पुणें अशी डेक्कन क्वीन सुरू झाली. पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींना जाणाऱ्या हौशी लोकांची सोय हा तिचा आरंभींचा एक हेतु होता. मुंबईहून पुणें तीन तासांच्या आंत, ही तिची कीर्ति. अशा गाडीची किंमत मिनिटांत मोजली जाते, आणि मिनिटें वाचविण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे थांबा गाळणें. नवे रूळ घालावयास, वळणें सरळ करावयास व नवीं इंजिनें आणावयास कोट्यवधि रुपये लागतात. वेळापत्रकांतली एक ओळ खोडावयास कांहींच लागत नाहीं. म्हणून गाडी जलद करण्याची निकड भासली कीं प्रथम लहान स्टेशनांवर गदा येते. २०२० नंतर देशभर नवें वेळापत्रक आंखतांना हेंच झालें, व ज्या ठिकाणीं उतारू थोडे अशा पुष्कळ स्टेशनांचे थांबे गेले.

हें सारें मुंबईंतच घडलें असें मात्र नाहीं. ज्या ज्या शहराभोंवतीं उपनगरें वाढलीं, तेथें तेथें हीच गोष्ट निराळ्या नांवांनीं आढळते. लंडनच्या वायव्येस विल्सडेन जंक्शन नांवाचें स्टेशन १८६६ सालचें. उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांचे उतारू तेथें बदलत असत. १९६२ सालीं मुख्य मार्गावर वीज आणण्याचें काम चाललें असतां त्या मार्गावरील फलाटच काढून टाकण्यांत आले. गाड्या आजहि तेथून जातात. उभें राहावयास जागाच नाहीं. बर्लिन शहराची फाळणी होती त्या काळांत पश्चिम भागाचें मुख्य स्टेशन ‘झू’, म्हणजे प्राणिसंग्रहालयापाशींचें, हें होतें. शहर एक झालें, नवें मध्यवर्ती स्टेशन बांधलें गेलें, आणि २८ मे २००६ रोजीं तें सुरू होतांच लांब पल्ल्याच्या गाड्या झू स्टेशनवरून न थांबतां जाऊं लागल्या. पश्चिम बर्लिनच्या नागरिकांनीं सह्यांची मोहीम चालविली, परंतु निर्णय फिरला नाहीं. मुंबईच्या ग्रँट रोडला १९३० सालीं जें झालें, तेंच बर्लिनला पाऊणशें वर्षांनीं झालें.

लंडनजवळच्या वॅटफर्ड जंक्शनला मात्र एक मधला मार्ग काढलेला आढळतो. लंडनहून उत्तरेकडे निघालेल्या कांहीं गाड्या तेथें केवळ उतारू घेण्यासाठीं थांबतात, व परत येतांना केवळ उतारू सोडण्यासाठीं. लंडन ते वॅटफर्ड एवढ्याच प्रवासासाठीं त्या गाडींत बसण्याची मुभा नाहीं. यांत शहाणपण आहे. मेलला उपनगरांत थांबविण्याचें मोठें भय असें कीं, रोजचे कचेरीस जाणारे लोक तींत शिरतील व दूरच्या उतारूला उभें राहावें लागेल. तें भय दूर ठेवून उपनगरवासीयाला दूरच्या गांवीं जाण्याची सोय देणें, हा या नियमाचा हेतु होय.

आपल्याकडेहि गेलेला थांबा परत मिळतच नाहीं, असें नाहीं. लोकांची मागणी आली कीं रेल्वे कधीं कधीं सहा महिन्यांसाठीं प्रायोगिक थांबा देते, व तेथें तिकिटें किती विकलीं गेलीं हें पाहून पुढचें ठरविते. १० फेब्रुवारी २०२३ रोजीं मुंबई-सोलापूर व मुंबई-शिर्डी या दोन वंदे भारत गाड्या सुरू झाल्या, तेव्हां पहिली कल्याणास थांबे पण ठाण्यास थांबत नसे, आणि दुसरी ठाण्यास थांबे पण कल्याणास थांबत नसे. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत दोहोंना राहिलेला थांबा मिळाला. या गाड्यांची रचना लोकलसारखी, म्हणजे अनेक डब्यांखालीं मोटारी असलेली, आहे. त्यामुळें थांबून पुन्हां वेग घेण्यास त्यांना वेळ कमी लागतो. इंजिन बदललें कीं थांब्याचा हिशेबहि बदलतो, हें १९२९ सालीं खरें होतें आणि आजहि खरें आहे. तेव्हां नव्या इंजिनानें थांबे काढून घेतले. आतां तें कांहीं परत देऊं शकेल.

तात्पर्य, फलाटावरून न थांबतां जाणारी मेल ही त्या गांवाच्या अपमानाची खूण नाहीं, आणि जी थांबते ती गांवाच्या मोठेपणाचीहि नाहीं. पण एवढें समजल्यानें रेल्वेची जबाबदारी संपत नाहीं. संध्याकाळच्या गर्दीसाठीं खरें असलेलें उत्तर मध्यरात्रीच्या गाडीलाहि लावलें जातें, तेव्हां तो हिशेब राहत नाहीं, ती संवय होते. नवे रूळ घालतांना फलाट कोठें ठेवावयाचे, हें त्याच वेळीं ठरवावें लागतें. मागाहून पश्चात्ताप करून उपयोग नसतो, हें मुंब्रा व विल्सडेन सांगतात. आणि जेथें गाडी थांबविणें खरोखरच शक्य नाहीं, तेथें निदान पुढच्या मोठ्या स्टेशनवर जिना चढण्याचे कष्ट कमी करणें, सामानासह उतरलेल्या माणसाला लोकलमध्यें जागा मिळेल अशी तजवीज करणें, एवढें ऋण रेल्वेकडे उरतेंच. मेलगाडीचीं जीं पांच मिनिटें वाचतात, तीं फलाटावरच्या कुटुंबाच्या पदरचीं असतात. तीं घेतलीं तर घेतल्याची नोंद तरी असावी.